शॅमेलिऑनला कॅल्शियम कसे, किती आणि केव्हा द्यावे

बाजारात मिळणाऱ्या एक किलो रातकिड्यांमध्ये कॅल्शियम साधारण ४०० मिलिग्रॅम असते आणि फॉस्फरस २,९५० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सातपटीहून अधिक असतो. शॅमेलिऑनच्या, म्हणजे हे किडे खाणाऱ्या रंगबदलू सरड्याच्या, शरीराची गरज नेमकी याच्या उलट असते. त्याच्या अन्नात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, आणि जमल्यास दीडपट ते दुप्पट असावे लागते. मीलवर्म या खाद्य म्हणून विकल्या जाणाऱ्या अळ्यांचा हिशेब तर याहूनही वाईट आहे, कारण त्यात फॉस्फरस सतरापटीच्या घरात जातो. ही तूट तीन मार्गांनी भरून काढावी लागते: किड्यांवर भुरभुरायची पावडर, किड्यांना आधी घालायचा खुराक आणि पिंजऱ्यावरचा अतिनील दिवा. या तिन्हींमध्ये पावडरीच्या डबीला माझ्या मते सर्वांत कमी महत्त्व आहे. नवा पाळणारा मात्र डबीपासूनच सुरुवात करतो आणि अडचण आली की डबीचेच प्रमाण वाढवतो. मीही तेच केले होते.

हे विवेचन प्रामुख्याने दोन जातींना धरून आहे: येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातला, डोक्यावर उंच तुरा असलेला व्हेल्ड शॅमेलिऑन, आणि मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन. पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातला तीन शिंगांचा जॅक्सन थंड हवेतला प्राणी असून त्याला पूरके, विशेषतः डी-३ जीवनसत्त्व, याहून बरेच कमी लागते. आपल्या रानात दिसणारा सरडगुहिरा येथे अभिप्रेत नाही; वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे आणि त्याला पकडून घरी ठेवणे हा गुन्हा आहे. व्हेल्ड आणि पँथर या दोन्ही जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे भारतात त्या पाळणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करणे आवश्यक आहे. मी स्वतः न्यू जर्सीत राहतो, त्यामुळे माझे अनुभव तिथल्या लांब आणि अंधाऱ्या हिवाळ्यातले आहेत.

आधी दिवा

कॅल्शियम पोटात गेले म्हणजे अंगी लागले असे होत नाही. आतड्यातून ते रक्तात शोषले जाण्यासाठी डी-३ जीवनसत्त्व लागते, आणि शॅमेलिऑन ते स्वतःच्या कातडीत तयार करतो. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील-बी किरण कातडीवर पडले की तिथल्या एका कोलेस्टेरॉलसदृश द्रव्याचे रूपांतर डी-३ च्या पूर्वरूपात होते, अंगाच्या उबेने त्याचे डी-३ बनते, आणि पुढे यकृत व मूत्रपिंड यांच्या वाटेने त्याला कामाचे रूप येते. या साखळीतली एखादी कडी निखळली, म्हणजे किरण नसले, ऊब नसली किंवा पाण्यावाचून मूत्रपिंडे थकली, तर वरून घातलेली पावडर बव्हंशी विष्ठेवाटे निघून जाते. रक्तातले कॅल्शियम कमी पडू लागले की शरीर ते हाडांतून काढून घेते. रक्ताची पातळी त्यामुळे बराच काळ ठीक राहते, प्राणी वरकरणी धडधाकट दिसतो, आणि हाडे मात्र आतून पोकळ होत जातात.

माझ्या पहिल्या व्हेल्ड मादीच्या बाबतीत हेच झाले. पिंजरा दक्षिणेच्या खिडकीशी होता आणि दिवसभर त्यावर लख्ख ऊन पडत असे, म्हणून ऊन असेल त्या दिवशी मी दिवा लावतच नसे. खिडकीची साधी काच अतिनील-बी किरण जवळजवळ पूर्ण अडवते हे मला ठाऊक नव्हते. पाचव्या महिन्यात ती जीभ फेकू लागली की जीभ किड्याला चिकटे, पण माघारी खेचली जात नसे; दोन-तीन सेकंद ती ओल्या सुतळीसारखी ओठाबाहेर लोंबकळे आणि मग हळूहळू आत जाई. मी पावडर दुप्पट केली. महिन्याभरात तिचा उजवा पुढचा पाय कोपराच्या खाली धनुष्यासारखा वाकला.

तेव्हा सुरुवात दिव्यापासून करावी. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारी लांब टी-५ हाय-आउटपुट नळी, ५ किंवा ६ टक्के अतिनील-बीची, परावर्तकासह घ्यावी. मळसूत्री आकाराचे छोटे दिवे जेमतेम वीतभर जागेत किरण टाकतात आणि शॅमेलिऑन त्या जागेबाहेरच जास्त बसतो, म्हणून ते टाळावेत. जाळीच्या झाकणावर नळी ठेवल्यास जाळी बरेच किरण अडवते, आणि किती अडवते हे तारेच्या जाडीवर ठरते. साधारणपणे एका नळीखाली, जाळीतून, प्राण्याची पाठ ८ ते ९ इंचांवर येईल अशी शेकण्याची फांदी बांधली तर पाठीवर अतिनील निर्देशांक ३ च्या आसपास मिळतो, आणि व्हेल्ड व पँथर यांना तो मानवतो. हा आकडा खात्रीने कळायचा असेल तर सोलरमीटर ६.५ हे उपकरण लागते. ते महाग आहे, पण दोघा-तिघांनी मिळून एक घेतले तरी काम भागते, कारण ते वर्षातून चार-सहा वेळाच लागते. उपकरण नसल्यास नळी दर बारा महिन्यांनी बदलावी; डोळ्यांना दिसणारा उजेड तसाच राहतो, पण त्यातले अतिनील-बी घटत गेलेले असते. नळीच्या टोकाला लावण्याची तारीख लिहून ठेवावी. दिवा दिवसाचे बारा तास चालू आणि रात्री पूर्ण बंद असावा, आणि पिंजऱ्यात दाट पाने असावीत, म्हणजे प्राण्याला नको असेल तेव्हा सावलीत जाता येईल.

ही सावली चैनीची बाब नाही. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातले गॅरी फर्ग्युसन आणि त्यांचे सहकारी यांनी पँथर शॅमेलिऑनवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आहारातून डी-३ कमी मिळालेले प्राणी स्वतःहून अतिनील प्रकाशात अधिक राहतात आणि ज्यांना ते आहारातून भरपूर मिळाले आहे ते कमी राहतात, असे त्यात दिसून आले. कातडीत तयार होणाऱ्या डी-३ वर शरीराचा स्वतःचा लगाम असतो, जादा झाले की ते तिथेच निकामी होते. तोंडावाटे गेलेल्या डी-३ ला मात्र असा लगाम नाही. ते चरबीत साठत राहते. पावडर निवडताना हा भेद लक्षात ठेवावा लागतो.

पावडरी

बाजारात मुख्यतः तीन प्रकारच्या डब्या मिळतात: डी-३ विरहित साधे कॅल्शियम, डी-३ युक्त कॅल्शियम, आणि मल्टिव्हिटामिन. साध्या कॅल्शियमच्या डबीवर घटक म्हणून कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेले असावे, कारण त्यात वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम असते आणि फॉस्फरस मुळीच नसतो. हाडांची पूड किंवा डायकॅल्शियम फॉस्फेट असलेली पावडर घेऊ नये. किड्यांमध्ये मुळात जे जास्त आहे तेच त्यातून आणखी पोटात जाते. पूड जितकी बारीक तितकी ती किड्याला चांगली चिकटते. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून घालण्याची कल्पना पुष्कळांना सुचते, पण त्यांत बहुधा डी-३ मिसळलेले असते, तेही माणसाच्या वजनाला बेतलेले, आणि आपला प्राणी असतो दीडशे ग्रॅमचा.

दिवा नीट असेल तर मी पुढील क्रम पाळतो. रोजच्या खाण्यावर डी-३ विरहित साधे कॅल्शियम असते. महिन्यातून दोनदा त्याऐवजी डी-३ युक्त कॅल्शियम आणि महिन्यातून दोनदा, वेगळ्या दिवशी, मल्टिव्हिटामिन द्यावे. मल्टिव्हिटामिनमध्येच डी-३ असेल, आणि पुष्कळदा ते असतेच, तर डी-३ युक्त कॅल्शियम वेगळे देऊ नये. महिन्यातून दोनदा ते एकच पुरे. तारखा विसरतात म्हणून आमच्या घरी ती डबी एकादशीला निघते. पंधरवड्याचे अंतर आपोआप साधते आणि कॅलेंडरवर ते छापलेलेही असते, शिवाय आईला फोनवर विचारता येते. काही कंपन्या अल्प डी-३ घातलेली, रोज वापरायची एकच मिश्र पावडर विकतात. ती वापरणे सोपे आहे आणि विसराळू माणसाला सोयीचे आहे, परंतु ती वापरायची ठरवली तर दुसरी कोणतीही डी-३ युक्त डबी घरात ठेवू नये, कारण सुट्टीत प्राण्याची देखभाल करायला आलेला शेजारी दोन्ही डब्या उघडतो.

मल्टिव्हिटामिन घेताना त्यात ए जीवनसत्त्व तयार रूपात, म्हणजे रेटिनॉल म्हणून आहे की केवळ बीटा-कॅरोटिन आहे, हे पाहावे. शॅमेलिऑन बीटा-कॅरोटिनचा पुरेसा उपयोग करू शकत नाहीत असे दिसते, म्हणून थोडे रेटिनॉल हवे. मात्र ए जीवनसत्त्व अति झाले तर ते डी-३ च्या कामात आडवे येते, आणि म्हणून ही डबीही पंधरवड्यालाच.

डी-३ अति झाल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे, रक्तवाहिन्या अशा मऊ अवयवांत क्षार साचू लागतात. गळ्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना पाणी भरल्यासारखी फुगवटी दिसू लागली तर पुष्कळदा पूरकांचा अतिरेक हे त्याचे कारण असते. अशा वेळी डी-३ आणि मल्टिव्हिटामिन लगेच थांबवून पशुवैद्यांना दाखवावे.

डबी उघडल्याची तारीख झाकणावर लिहावी. साधे कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे चुनखडीच, ते कोरडे राहिले तर वर्षानुवर्षे बिघडत नाही, पण जीवनसत्त्वे हवा, ऊब आणि ओल यांनी क्षीण होतात. ती डबी सहा महिन्यांनी बदलणे बरे. पिंजऱ्याच्या खाली, दिव्याच्या उबेत आणि फवाऱ्याच्या तुषारांत डब्या ठेवू नयेत. मी कित्येक घरांत त्या नेमक्या तिथेच ठेवलेल्या पाहिल्या आहेत.

किडे माखण्याची रीत

उंच काठाचा प्लॅस्टिकचा पेला घ्यावा. त्यात एका वेळच्या किड्यांपुरती, म्हणजे पाच-सहा रातकिड्यांना चिमूटभर पावडर टाकावी, मग किडे सोडावेत आणि पेला हलक्या हाताने गोल फिरवावा. पोळी लाटताना पोळपाटावर आपण पीठ भुरभुरतो तेवढाच थर किड्यावर दिसला पाहिजे, त्याचा मूळ रंग खालून ओळखू आला पाहिजे. पिठात लोळवल्यासारखा पांढराफटक किडा शॅमेलिऑनला आवडत नाही. तो एकदा तोंडात घेऊन टाकून देतो आणि पुढच्या वेळी पेला पाहूनच मान फिरवतो. शिवाय जास्तीची पूड त्याच्या डोळ्यांत जाते. पेल्याच्या तळाशी पूड उरली असेल तर माप चुकले असे समजावे, आणि ती उरलेली पूड डबीत परत टाकू नये, कारण तिच्यात किड्यांची विष्ठा मिसळलेली असते.

माखलेला रातकिडा लगेच मिशा आणि पाय साफ करायला लागतो आणि थोड्याच वेळात निम्मी पूड झाडून टाकतो. त्यामुळे माखणे आणि भरवणे यांत खंड पडू देऊ नये. किडे पिंजऱ्यात मोकळे सोडण्याऐवजी गुळगुळीत भिंतींच्या पेल्यात, फांदीच्या उंचीवर टांगून द्यावेत. किती खाल्ले हे मोजता येते आणि अर्ध्या तासाने उरलेले किडे काढून घेता येतात. डुबिया झुरळे गुळगुळीत असल्याने त्यांच्यावर पूड नीट बसत नाही, म्हणून पेला जरा जास्त फिरवावा. हॉर्नवर्म नावाच्या जाड अळ्या आणि रेशीमकिडे ओलसर असतात, त्यांच्यावर पुडीचा लगदा होतो. त्यांना फक्त पाठीवर बोटाने लावावे. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्यांवर पूड घालण्याची गरजच नाही. त्यांच्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या अडीचपट असते, नेहमीच्या किड्यांमध्ये हा एकच ठळक अपवाद आहे. तरीही फक्त त्याच अळ्यांवर प्राणी पोसू नये. त्यांची कातडी चिवट असते आणि नीट न चावल्यास त्या तशाच बाहेर पडतात.

पूड वरून लागते, खुराक आतून. विकत आणलेले रातकिडे उपाशी असतात, म्हणून त्यांना शॅमेलिऑनसमोर ठेवण्यापूर्वी चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चांगले खायला घालावे. मोहरीचा पाला, कोलार्ड (कोबीच्या कुळातली पालेभाजी), डँडेलियनची पाने, शेवग्याचा पाला, थोडे गाजर, रताळे आणि पपई एवढ्यावर उत्तम काम भागते. पालक आणि माठ मात्र घालू नये. त्यांतले ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते शरीराला मिळू देत नाही. कच्चे अळू खाल्ल्यावर घशाला जी खाज सुटते तीही कॅल्शियम ऑक्झलेटच्याच सुयांची असते, एवढे सांगितले की मराठी घरात हा नियम कोणी विसरत नाही.

वयाप्रमाणे आणि मादीसाठी

सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाची हाडे झपाट्याने वाढत असल्याने त्याला रोज खाणे आणि प्रत्येक खाण्यावर साधे कॅल्शियम द्यावे. सहा महिन्यांनंतर हळूहळू एक दिवसाआड, आणि वर्षानंतर आठवड्यातून तीनदा खाणे पुरते. प्रत्येक वेळी साधे कॅल्शियम कायम ठेवावे. डी-३ आणि मल्टिव्हिटामिन यांचा पंधरवड्याचा क्रम सर्व वयांत तोच राहतो. पिल्लू लहान म्हणून त्याला डी-३ जास्त द्यावे, हा समज घातक आहे.

व्हेल्ड मादीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. नराशी संबंध आला नाही तरी ती अंडी घालते, आणि भरपूर खाऊ घातलेल्या मादीच्या एका वेतात पन्नास-साठ अंडीही असू शकतात. त्या प्रत्येक अंड्याच्या कवचाचे कॅल्शियम तिच्या अंगातून जाते. वाढ पूर्ण झाल्यावर तिला एक दिवसाआड चार-पाच किडेच द्यावेत आणि शेकण्याच्या जागेचे तापमान २७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. अंड्यांची संख्या यामुळे बरीच उतरते. पिंजऱ्यात एक फूटभर खोल, ओल्या वाळूचे घमेले कायम असावे, कारण खणायला जागा नसेल तर ती अंडी पोटात अडवून धरते. अंडी घालायच्या सुमारास हातपायांची बोटे थरथरू लागली, फांदीवरची पकड सुटू लागली किंवा ती दिवसा डोळे मिटून तळाशी बसली, तर तो कॅल्शियम खालावल्याचा इशारा असू शकतो आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे लागते.

पाण्याचे थोडक्यात: सकाळ-संध्याकाळ पानांवर फवारणी आणि दिवसा थेंबनळी. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच असावा. तो गर्द पिवळा किंवा नारिंगी दिसला तर प्राणी तहानलेला आहे, आणि तहानलेल्या प्राण्याला कॅल्शियम वाढवून देऊ नये.

लक्षणे दिसल्यास

जिभेचा नेम आणि ओढ कमी होणे हे माझ्या पाहण्यात पहिले लक्षण असते, कारण स्नायू आखडायलाही कॅल्शियमच लागते. त्यानंतर पुढचे पाय कोपराखाली वाकतात, जणू एका पायाला दोन कोपरे आहेत असे दिसते. खालचा जबडा बोटाने हलके दाबल्यास रबरासारखा लवतो. व्हेल्डच्या डोक्यावरचा तुरा एका अंगाला कलतो. चढताना प्राणी स्वतःचाच पाय पकडतो. यांपैकी काहीही दिसले तर घरच्या घरी पावडर वाढवून पाहण्यात दिवस घालवू नयेत. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठावेत. क्ष-किरण चित्रात हाडांची घनता दिसते, आणि गरज पडल्यास ते कॅल्शियम ग्लुकोनेटचे इंजेक्शन किंवा तोंडावाटे द्यायचे द्रव कॅल्शियम वजनावरून ठरवतात. ही मात्रा ग्रॅमच्या अंशांत चुकली तरी हृदयावर परिणाम होतो, म्हणून ती आपण ठरवू नये. जाताना दिव्याच्या खोक्याचा आणि प्रत्येक डबीच्या मागच्या मजकुराचा फोटो, नळी लावल्याची तारीख आणि महिनाभराच्या खाण्याची नोंद सोबत न्यावी. माझ्याकडे यांपैकी काहीच नव्हते आणि डॉक्टरांचा निम्मा वेळ मला प्रश्न विचारण्यात गेला.

उपचार सुरू असताना फांद्या खाली आणाव्यात, पिंजऱ्याच्या तळाशी मऊ कापड अंथरावे, जाळीवर चढू देऊ नये आणि किडे चिमट्याने अगदी तोंडाजवळ धरावेत, म्हणजे जीभ लांब फेकावी लागत नाही. प्राण्याला हाताळणेही कमीत कमी ठेवावे, कारण मऊ हाडे साध्या पकडीनेही मोडतात. आमच्या मादीची जीभ दहा आठवड्यांनी पूर्वीसारखी खेचू लागली, जबडा घट्ट झाला. उजवा पाय वाकला तो वाकलेलाच राहिला. त्या बाजूच्या फांद्यांवर मी सुतळी गुंडाळून ठेवली आहे आणि ती आधी डावा पाय टाकून, सुतळीचा पीळ चाचपूनच वर चढते.